गळती आणि गलती

आमच्या शहरात महागड्या मोटारीला दोन आयुष्यं असतात. पहिलं शोरूममध्ये सुरू होतं, दुसरं गल्लीत. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. ती बातमी देशभर गाजली. त्याआधी 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला होता, 2001 साली शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली होती, पुढे ऑडीही तिथेच जुळू लागली. औरंगाबाद म्हणा किंवा छत्रपती संभाजीनगर, हे गाव मोटारींचं झालं ते असं. पण या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या, वॉरंटी संपली, मालक बदलले, की त्या कुठे जातात हे कोणी विचारत नाही. त्यातल्या बऱ्याच गाड्या आमच्या मोहल्ल्यांत येतात, पत्र्याच्या शेडखाली. तिथे त्यांना हात लावणाऱ्या माणसाने बहुधा दहावीही पूर्ण केलेली नसते.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवतो. रोशन गेटच्या बाजूला एका गल्लीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. त्याला काम शिकवलेले उस्ताद आता साठीच्या पुढचे आहेत. जुनी बुलेट, ॲम्बेसेडर, फियाट यांच्यावर हात बसलेला माणूस. ते आता पाना फारसा धरत नाहीत, खुर्ची टाकून बसतात आणि कानाने काम करतात. गाडी गल्लीत वळली की आवाजावरून सांगतात, कुठला टॅपिट वाजतोय.

या उस्तादांचा नातू अठरा वर्षांचा आहे आणि दहावीच्या मराठीत दोनदा राहिला. गणित सुटलं, विज्ञान सुटलं, उर्दू तर सुटलीच. मराठीने धरून ठेवलं. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल या दोन वर्षांच्या ट्रेडसाठी दहावी पास लागते. ते प्रमाणपत्र नसेल तर वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्याच्या गेटवर त्याचा अर्जही कोणी हातात घेणार नाही. उस्ताद मला म्हणाले, "सर, इसकू मराठी में निकाल दो. इंजिन का मैं देख लेता."

म्हणून मी मगरिबनंतर गॅरेजमध्ये जाऊ लागलो. पोराला घरी बोलावून उपयोग नव्हता. काम सोडून तो येत नसे, आणि आलाच तर बसल्या बसल्या पेंगत असे.

तिथे ही गाडी उभी होती. काळी ऑक्टाव्हिया आरएस. 2004 साली ही गाडी भारतात आली तेव्हा पोरं तिच्यामागे मोटारसायकली पळवायची. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार ती नव्हे. चार दारं, डिकी, सगळं घरगुती. पण बॉनेटखाली 1.8 लिटरचं टर्बो इंजिन, 150 अश्वशक्तीचं. आताचा मालक एक तरुण वकील. लहानपणी पाहिलेली गाडी त्याने मोठेपणी जुनी घेतली होती.

तक्रार अशी : गाडी धूर मारते, तेल पिते, डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते, इंजिनाच्या पुढून-मागून तेल पाझरतं. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला सांगितलं होतं की रिंग-पिस्टन गेले, इंजिन खोलावं लागेल, दीडेक लाख धरून चाला. वकिलाने हिशेब केला आणि गाडी भंगारात देण्याच्या विचारापर्यंत आला होता.

उस्तादांनी इंजिन चालू करायला सांगितलं. मग नातवाकडून कोरोनाच्या काळातला एक रबरी हातमोजा मागवला, तेल ओतायचं झाकण काढून तो मोजा तोंडावर ताणून बसवला. क्षणभर काही झालं नाही. मग मोजा हळूहळू फुगला, पाच बोटं ताठ उभी राहिली. गल्लीतली पोरं हसायला लागली, "इंजिन सलाम कर रा." उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "इंजिन नई गया. इसका दम घुट रा."

इंजिनाचा दम म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला हवं. पिस्टनला कितीही चांगल्या रिंगा असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या बाजूने निसटून खाली चेंबरमध्ये उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो. त्यात पाण्याची वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं, तेलाचे बारीक थेंब असतात. याला बाहेर जायला वाट हवी. वाट नसेल तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि दाब आपली वाट शोधतो : ऑइल सील ढकलतो, पॅकिंगमधून तेल बाहेर काढतो, डिपस्टिक उचलतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, इंजिन म्हातारं झालं. खरं तर त्याचं नाक बंद झालेलं असतं.

जुन्या काळी ही वाफ एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. जुन्या गाड्यांच्या खाली काळ्या थेंबांची रांगोळी असायची, त्यात या नळीचाही हात असे. मग अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या धुरक्याने लोकांचे डोळे झोंबू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात 1961 च्या नव्या गाड्यांपासून ही वाफ बाहेर न सोडता परत इंजिनात ओढून जाळायला सुरुवात झाली. मोटारीच्या प्रदूषणावर बसवलेल्या पहिल्या उपायांपैकी हा एक. तेव्हापासून ब्रीदरची नळी चेंबरवरून निघते आणि इंजिन जिथून हवा घेतं तिथे जाऊन मिळते.

जर्मनीच्या पोर्शे 911 सारख्या खऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये तर तेल चेंबरमध्ये साठवतच नसत. वळणावर गाडी जोरात वळली की चेंबरमधलं तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, म्हणून त्या गाडीला कित्येक वर्षं तेलाची वेगळी टाकी असे. ब्रीदरची नळी टाकीवरून निघून हवेच्या वाटेला मिळे. त्या गाडीचं तेल इंजिन गरम असताना आणि चालू ठेवूनच मोजायचं. थंड इंजिनावर मोजून कमी वाटलं म्हणून वरून ओतलं, तर जास्तीचं तेल त्याच नळीतून हवेच्या वाटेत जातं आणि गाडी धुराचा डोंब उठवते. उस्तादांनी पोर्शे फक्त मोबाइलवर पाहिली आहे. पण हे ऐकून त्यांनी मान हलवली. तेलाची वेगळी कोठी आणि तिचा श्वास त्यांना नवा नव्हता. जुन्या बुलेटला चेंबरची हवा सोडायला एक चपटी रबरी नळी असायची, बदकाच्या चोचीसारखी. हवा बाहेर जाऊ द्यायची, आत येऊ द्यायची नाही. ती चोच चिरली की बुलेट तेल ओकायची. "वोच बात है," उस्ताद म्हणाले, "नाम बडा हो गया, नली वोच है."

गॅरेजमध्ये ब्रीदरला ब्रीदर म्हणत नाहीत. 'बीदर पाइप' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बीदर शहर आठवलं, जिथली काळ्या धातूवर चांदी बसवलेली बिदरी भांडी आम्हा दखनी लोकांच्या घराघरांत माहीत असतात.

ऑक्टाव्हियाचा बीदर पाइप उघडला. या इंजिनात तो एकटा नसतो, नळ्यांचं झाडच असतं. एक फांदी टॅपिट कव्हरवरून येते, दुसरी ऑइल फिल्टरच्या बुडाशी निघते, दोन्ही एकत्र होऊन टर्बोच्या आधीच्या हवेच्या नळीला मिळतात. एक बारीक फांदी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेतून पुढे जाते. ती झडप महत्त्वाची, कारण टर्बो हवा दाबून भरतो. झडप नसेल किंवा उलटी बसली तर तोच दाब मागे फिरून चेंबरमध्ये शिरेल.

वीस वर्षांचं रबर कुणाचंच टिकत नाही, तेव्हा ही नळी आधी कधीतरी बदललेली होती. ज्याने बदलली त्याने रेडिएटरच्या पाण्याची नळी कापून बसवली होती. बाहेरून बघितली तर ठणठणीत. कापून पाहिली तेव्हा आतून सुजलेली, मऊ, चिकट, आणि मधलं भोक करंगळीही जाणार नाही इतकं आवळलेलं. पाण्याची नळी ज्या ईपीडीएम रबराची असते ते गरम पाण्याला वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण तेल मात्र पितं आणि फुगतं. तेलाच्या वाफेसाठी नायट्राइल रबर लागतं, ते साधारण 100 ते 120 अंशांपर्यंत चालतं. टर्बोच्या अगदी जवळ असेल तर व्हायटॉनसारखं आणखी महाग रबर. दिसायला सगळीच काळी नळी. दीड लाखाच्या इंजिनकामाचा अंदाज निघाला होता तो या एका काळ्या तुकड्यामुळे.

नळी नातवाने बसवली. मी उभा राहून बघत होतो आणि उस्ताद खुर्चीवरून बोलत होते. बघता बघता मला वाटलं, या पोराला मी 'माझा आवडता सण' लिहायला लावतो आणि तो चार ओळींत अडकतो. इथे तर त्याच्याजवळ सांगण्यासारखं एवढं आहे. बी.एड.ला आम्हाला अध्यापनाचं एक सूत्र पाठ करून घेतलं होतं : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. पाठाच्या टाचणात ते आम्ही रोज लिहायचो. मी त्याला म्हटलं, जे आज केलंस तेच मराठीत लिही. दहावीच्या पेपरात आत्मकथन येतं ना, फुटक्या छत्रीचं, जुन्या वडाचं? तू नळीचं लिही.

तो आधी लाजला. मग म्हणाला, "सर, नळी बाई है के आदमी?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. उर्दूत दोनच लिंगं आहेत. आमच्या मुलाच्या तोंडी इंजिन 'चलता', तेल 'गिरता', पानी 'आता'. मराठीत ही तिन्ही मंडळी नपुंसकलिंगी : ते इंजिन, ते तेल, ते पाणी. उर्दू माध्यमाच्या मुलाचे मार्क बहुतेक इथे जातात. मराठी मातृभाषा असलेल्या शिक्षकांना याचं फार नवल वाटतं, कारण त्यांना ते नपुंसकलिंग कधी शिकावंच लागलेलं नसतं. मी त्याला म्हटलं, नळी बाई, पाइप पुरुष, आणि इंजिन दोन्ही नाही. तो म्हणाला, "मतलब इंजिन का अलग खाता."

"हो, अलग खाता."

आणि मग ळ. उर्दूच्या लिपीत ळ नाही, एकच लाम आहे. ळ म्हणायला जीभ वळवून मागे न्यावी लागते, ते आमच्या मुलांच्या जिभेला लहानपणी कोणी सांगितलेलं नसतं. त्याच्या पहिल्या कच्च्या कागदावर पहिलं वाक्य होतं : 'इंजिनला तेलाची गलती होती.' त्याला गळती म्हणायचं होतं. उर्दूत गलती म्हणजे चूक. मी लाल पेन काढला आणि थांबलो. वाक्य त्याच्या परीने खरंच होतं. गळती होती ती कोणाच्या तरी गलतीमुळेच होती. पण परीक्षक मला विचारायला येणार नव्हता. मी कागदाच्या मागे मोठा ळ काढला आणि त्याखाली त्याच्या कामातले शब्द लिहिले : नळी, गळती, काळी, पोकळी, मोकळी, जाळी, फळी, गाळ. "हे सगळे तुझ्या गॅरेजमधले," मी म्हटलं. त्याने वाचले. 'मोकळी'वर थांबला आणि म्हणाला, "ये तो अच्छा है. नळी मोकळी."

त्याने जे लिहिलं ते चार संध्याकाळी सुधारत गेलं. मी व्याकरण सांगायचो, वस्तूची अक्कल त्याची. उस्ताद मध्ये मध्ये टोकायचे. शेवटी जो मजकूर झाला त्यातलं काम मी इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण कोणाच्या उपयोगी पडलं तर पडो.

इंजिन थंड होऊ द्यावं. जुनी नळी पेचकसाने उचकटू नये. आतल्या प्लॅस्टिकच्या तोटीला तडा गेला तर दोनशेच्या नळीपायी काही हजारांचा भाग बदलावा लागतो. नळीला ब्लेडने लांबीत चीर द्यावी आणि साल काढतात तशी सोलून काढावी. तोटी उघडी पडताच तिच्यात स्वच्छ फडकं कोंबावं. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतं, रबराचा एक कण आत गेला तरी पाती खराब होते. तोटी पुसावी, आत काळा गाळ असेल तर काढावा. नवी नळी जुनीच्या मापाने कापावी, पण जुनी सुजून बदललेली असेल तर तोटी ते तोटी अंतर मोजावं. भिंत जाड हवी, नाहीतर इंजिन हवा ओढतं तेव्हा नळी चपटी होऊन आतल्या आत बंद होते. नळी कुठे दुमडू नये आणि मध्ये झोळही नको. झोळात पाणी आणि तेल साचून त्याचं पिवळट लोणी होतं. उतार चेंबरकडे ठेवावा म्हणजे जमलेलं परत खाली जातं.

"और पैले किलिप," उस्ताद म्हणाले. नळी बसवायच्या आधी क्लिप नळीवर चढवून ठेवावी. ही साधी गोष्ट, पण अडचणीच्या जागी नळी बसवून झाल्यावर क्लिप टेबलावर दिसते तेव्हा मोठमोठे मिस्त्री स्वतःच्या कपाळावर हात मारतात. तोटीला इंजिनाच्या तेलाचं बोट लावावं. ग्रीस नको, सिलिकॉनही नको, त्याचा थर सुटून आत जातो. नळी फिरवत फिरवत तोटीच्या उंचवट्याच्या पलीकडे न्यावी. क्लिप उंचवट्याच्या मागे आणि नळीच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर आत यावी. स्क्रू आवळताना रबर क्लिपच्या खाचांतून वर आलं की समजावं, जास्त झालं. झडपेवर बाण असतो, तो चेंबरकडून हवेच्या वाटेकडे हवा. शेवटी फडकी मोजावीत. जितकी कोंबली तितकी बाहेर आली का?

गाडी चालू केली. हातमोजा पुन्हा झाकणाच्या जागी. या वेळी बोटं उभी राहिली नाहीत. मोजा किंचित आत ओढला गेला आणि तसाच राहिला. वकील म्हणाला, "आता सलाम नाही?" नातू म्हणाला, "आता श्वास घेतंय, साहेब." घेतंय. नपुंसकलिंग. मी काही बोललो नाही, पण ऐकलं.

धूर दुसऱ्या आठवड्यापर्यंत कमी होत होत थांबला, आत साचलेलं तेल जळून जायला तेवढा वेळ लागला. पुढचा एक सील पार गेलेला होता, तो बदलावा लागला. बाकीची गळती थांबली. इंजिन खोलावं लागलं नाही.

उस्ताद 'दम' म्हणाले होते, तो शब्द मी नंतर वर्गातही घेतला. फारसीत दम म्हणजे श्वास. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे : दम लागला, दम खा, जरा दम धर, दमा झाला. संस्कृतातलाही एक दम मराठीत राहतो, शम-दमातला. त्याचा अर्थ आवरणं. एक श्वास सोडणारा, एक आवरणारा, आणि मराठी बोलणारा दोघांनाही आपलेच समजतो. मुलं म्हणाली, "सर, बिर्याणीका दम?" तोही तोच. फक्त हंडीच्या झाकणाला कणीक लावून वाफ कोंडायची असते, चेंबरची मात्र सोडायची असते. कोंडायचं काय आणि सोडायचं काय, हे खानसाम्याला कळतं तसं मिस्त्रीलाही कळावं लागतं.

इतिहासाच्या पेपरासाठी मी हीच युक्ती केली. नातवाचं घर पाणचक्कीपासून लांब नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने या शहराला नहर-ए-अंबरीचं पाणी आणलं, जमिनीखालून, बंद वाटेने. पुढे पाणचक्कीलाही अशीच मातीच्या नळांची नहर आली. वाटेत ठिकठिकाणी उंच बांधीव खांब उभे केले होते. पाणी त्यांतून वर चढायचं, कोंडलेली हवा सुटायची, दाब आटोक्यात राहायचा. त्यातले काही खांब अजून शहरात उभे आहेत आणि त्यांच्याजवळून आपण रोज गाडी काढतो. मी हे सांगत होतो तर पोरगा म्हणाला, "मतलब शहर का बीदर पाइप." इतिहासाच्या शिक्षकांना हे उत्तर कसं वाटेल माहीत नाही, मला आवडलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानंतर आपल्यात खूप बोललं गेलं. स्वयंरोजगारात आणि कारागिरीत मुसलमान जास्त, पगाराच्या कायम नोकरीत कमी, हे तेव्हा कागदावर आलं. आपण त्यावर भाषणं केली. पण कारागिराजवळ जे आहे ते ज्ञान आहे, असं आपणही मनापासून मानत नाही. आपल्या घरांत अजून म्हणतात, "पढाई में दिमाग नई चला तो गॅरेज में डाल दिया." जणू गॅरेजमध्ये दिमाग लागत नाही. नायट्राइल आणि ईपीडीएममधला फरक त्या पोराला माहीत आहे. दाब कुठून कुठे जातो हे त्याला न पाहता दिसतं. हे भौतिकशास्त्रच आहे, फक्त ते त्याला उस्तादांच्या बोलण्यातून मिळालं आणि बोलण्यातच राहिलं. उस्ताद गेले की त्यांच्याबरोबर किती जाईल, याचा विचार करवत नाही. बुलेटच्या त्या चोचीबद्दल सांगणारी माणसं आमच्या गल्लीत आता दोनच उरली आहेत.

हे ज्ञान कागदावर यायचं तर कोणत्या भाषेत? गाडीचं मॅन्युअल इंग्रजीत असतं. गॅरेज दखनी बोलतं. सरकारचा फॉर्म, आयटीआयचा अर्ज, ग्राहकाची तक्रार, पोलिसाचा पंचनामा, सगळं मराठीत. मधल्या मधे आमचा मुलगा मुका होतो. आपल्यातले काही लोक म्हणतात, मराठी पोटापुरती आली म्हणजे झालं. मी उर्दूचा शिक्षक आहे, उर्दू माझ्या आईची भाषा आहे आणि तिच्यासाठी मी भांडत आलो आहे. तरी मला हे पटत नाही. पोटापुरत्या भाषेत माणूस फक्त मागू शकतो. दीड लाखाचा अंदाज देणाऱ्याला 'तुम्ही चुकताय, आधी ब्रीदर बघा' असं सांगायला पोटापुरती भाषा पुरत नाही. आणि इतर मराठी वाचकांनाही सांगायचं आहे. हा मुलगा बाजारात 'तेल गळतो' म्हणतो तेव्हा हसू नका. त्याला तुमची भाषा येत नाही असं नसतं. तो दोन लिंगांच्या घरातून तीन लिंगांच्या घरात आलेला असतो, आणि जीभ वळवायला त्याला कोणी तरी वेळ द्यावा लागतो.

सरकारने आता आधीच्या अनुभवाला मान्यता देणारी प्रमाणपत्रंही सुरू केली आहेत, कौशल्य विकास योजनेत. ज्यांचं वय दहावीच्या पुढे गेलं आहे त्या मिस्त्रींनी त्याची चौकशी जरूर करावी. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, तो भरून बाहेरून दहावीला बसता येतं. आपल्या मोहल्ल्यात शिक्षक पुष्कळ आहेत. संध्याकाळचा एक तास गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, टेलरकडे गेलात तर तिथे तुम्हाला तुमचा राहिलेला विद्यार्थी सापडेल. त्याला सण आणि सहलीचे निबंध देऊ नका. तो काय करतो ते लिहायला लावा. शब्द त्याच्याकडे असतात, तुम्ही ळ द्या.

नातवाने पुरवणी परीक्षेचा पेपर दिला आहे. आत्मकथनाचा विषय अर्थात नळीचा नव्हता, त्याने जो आला तो लिहिला. निकाल लागायचा आहे. पास होईल की नाही, मला आज सांगता येत नाही, आणि तोही विचारत नाही. मात्र ब्रीदरची ती दोन पानं त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून पान्यांच्या फळीवर लावली आहेत, आणि नवीन आलेल्या पोराला तो ती वाचून दाखवतो. परवा गेलो तर तिसरं पान सुरू होतं. वर लिहिलं होतं 'क्लचप्लेट कशी बदलावी', आणि खाली पहिल्याच ओळीत त्याने माझ्यासाठी जागा सोडली होती : 'क्लच तो, ती की ते?'